बंदरामुळे परिसराला नेमके काय मिळते, हे कसे मोजावे?

एखाद्या बंदराच्या विस्ताराचा प्रस्ताव पुढे आला की त्याच्यासोबत दोन आकडे हमखास येतात: त्या बंदरामुळे मिळणारा रोजगार आणि परिसराच्या उत्पन्नात पडणारी भर. हे आकडे कोठून आले असे विचारले, तर बहुधा आधीच्या एखाद्या अहवालाकडे बोट दाखवले जाते, आणि तो अहवाल उघडून पाहावा तर त्यात भलत्याच बंदराचा गुणक, म्हणजे थेट व्यवहाराच्या किती पट एकूण व्यवहार होतो हे सांगणारा आकडा, उचललेला आढळतो. ही मोजणी अवघड आहे हे खरे. पण तिच्यातले बहुतेक घोटाळे गणितात होत नाहीत, ते गणिताच्या आधी होतात. काय मोजायचे, कोणाचे मोजायचे आणि कशाच्या तुलनेत मोजायचे, हे न ठरवताच बेरजेला सुरुवात केली जाते. पुढील विवेचन या विषयाकडे प्रथमच वळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, नियोजन खात्यातील नवीन अधिकाऱ्यांसाठी आणि अशा अहवालांची छाननी करू पाहणाऱ्या पत्रकारांसाठी आहे.

पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहून काढा

बंदराच्या आर्थिक परिणामाविषयी तीन वेगवेगळे प्रश्न विचारता येतात आणि तिन्हींची उत्तरे वेगळी येतात. पहिला प्रश्न असा की, आज या बंदराभोवती किती आर्थिक व्यवहार चालतो. दुसरा असा की, बंदरात एखादा बदल झाला, म्हणजे नवीन धक्का बांधला किंवा खोली वाढवली, तर त्या व्यवहारात किती भर पडेल. तिसरा असा की, हे बंदर मुळात नसतेच तर परिसराचे काय नुकसान झाले असते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोठे येते, तिसऱ्याचे पुष्कळदा त्याहून खूपच लहान येते. गफलत होते ती पहिल्याचे उत्तर तिसऱ्याचे म्हणून सांगितल्यामुळे. म्हणून कामाच्या पहिल्याच दिवशी आपला प्रश्न एका वाक्यात लिहावा, त्याखाली संदर्भवर्ष लिहावे, आणि अहवाल मागवणाऱ्या संस्थेकडून तो कागद मान्य करून घ्यावा. पुढे आकडा मनासारखा आला नाही की प्रश्नच बदलण्याचा मोह मागवणाऱ्याला होतो. तेव्हा हा कागद उपयोगी पडतो.

दुसरी पायरी: परिसर म्हणजे कोठपर्यंत?

प्रशासकीय सीमा सोयीची असते, कारण सांख्यिकी त्या सीमेनुसारच मिळते. परंतु बंदरातील कामगार त्या सीमेत राहतातच असे नाही. त्यामुळे बंदरावरच्या थेट कामांच्या हिशेबासाठी, जेथून लोक रोज बंदरावर कामाला येतात तो प्रदेश धरावा आणि तो सांख्यिकीच्या जवळात जवळच्या घटकांशी जुळवून घ्यावा. बंदराचा पृष्ठप्रदेश, म्हणजे ज्या भूभागाचा माल या बंदरातून जातो-येतो तो, ही मात्र वेगळी गोष्ट आहे. पृष्ठप्रदेश कोणा एका बंदराच्या मालकीचा नसतो. ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातील एकाच कारखान्याचा माल नेदरलँड्समधील रॉटरडॅममार्गे जाऊ शकतो तसाच बेल्जियममधील अँटवर्पमार्गेही. दोन्ही बंदरांनी तो कारखाना आपल्या खात्यात संपूर्ण धरला, तर तो दोनदा मोजला जाईल.

प्रदेश जितका मोठा, तितका गुणकही मोठा निघतो, कारण मोठ्या प्रदेशातून पैसा बाहेर कमी गळतो. याचा अर्थ असा की, सीमा निवडण्याचा निर्णय हा आकडा निवडण्याचाही निर्णय असतो. तो आधी घ्यावा आणि मग बदलू नये. कालमालिका तयार करताना बंदराची स्वतःची व्याख्या बदलली नाही ना, हेही पाहावे. अँटवर्प आणि झेब्रुग ही दोन बंदरे २०२२ मध्ये एका प्राधिकरणाखाली आली. त्याआधीच्या एकट्या अँटवर्पच्या आकड्यांशेजारी नंतरचे एकत्रित आकडे ठेवले, तर एका वर्षात प्रचंड वाढ झाल्याचा भास होईल.

तिसरी पायरी: कोणाला मोजायचे याची यादी

जहाज धक्क्याला लागले की त्याच्याभोवती कामे करणाऱ्यांची साखळी सुरू होते. जहाज आत आणणारे पायलट, टगबोटी, दोर बांधणारे, माल चढवणारे-उतरवणारे स्टीव्हडोर, क्रेनचालक, टर्मिनल चालवणारी कंपनी, शिपिंग एजंट, क्लिअरिंग एजंट, मालाची तपासणी करणारे सर्वेक्षक, जहाजाला इंधन आणि रसद पुरवणारे, दुरुस्ती करणारे, कंटेनर साठवणारे, ट्रकवाले, रेल्वे, गोदामे, सीमाशुल्क आणि बंदर-आरोग्य खात्याचे कर्मचारी हे सगळे या साखळीत येतात. यांचा थेट परिणाम मोजायचा. त्यांच्यापलीकडे, बंदराच्या जमिनीवर किंवा शेजारी उभे असलेले कारखाने असतात: तेलशुद्धीकरण, पोलाद, रसायने, धान्यगिरण्या. आणि त्यांच्याही पलीकडे, केवळ आपला माल या बंदरातून पाठवतात म्हणून बंदराचे वापरकर्ते म्हणवले जाणारे उद्योग असतात.

ही तीन वर्तुळे वेगळी ठेवणे हा या संपूर्ण लेखातील सर्वांत महत्त्वाचा सल्ला आहे. बेल्जियमची राष्ट्रीय बँक तेथील बंदरांच्या आर्थिक महत्त्वाविषयी नियमितपणे जे अभ्यास प्रसिद्ध करते, त्यांत कंपन्यांच्या वार्षिक हिशेबांच्या आधारे मूल्यवर्धन (उलाढालीतून बाहेरची खरेदी वजा करून उरते ते), रोजगार आणि गुंतवणूक मांडली जाते, आणि सागरी गट व बिगर-सागरी गट वेगळे दाखवले जातात. त्यामुळे शुद्धीकरण कारखान्याचे मूल्यवर्धन वाचकाला हवे तर बेरजेत घेता येते, नको तर वगळता येते. सर्व वर्तुळे एकाच बेरजेत कोंबणाऱ्या अहवालात ही सोय उरत नाही, आणि बरेचदा ती उरू नये अशीच अहवाल मागवणाऱ्याची इच्छा असते.

एखादी संस्था कोणत्या वर्तुळात टाकावी याबद्दल शंका असेल, तर स्वतःला असे विचारावे: उद्या बंदर कायमचे बंद झाले, तर ही संस्था येथेच, याच आकाराने चालू राहील का? टगबोटीच्या कंपनीचे उत्तर उघड आहे. आयात कोळशावर चालणाऱ्या कारखान्याचे उत्तर पर्यायी वाहतुकीच्या खर्चावर ठरेल. बंदराच्या इमारतीत भाड्याने जागा घेतलेल्या विमा कार्यालयाचे उत्तर बहुधा ‘हो, चालू राहील’ असेच असेल, मग त्याचा पत्ता बंदराचा का असेना.

चौथी पायरी: माहिती जमवणे

येथे सर्वाधिक वेळ जातो आणि तो जाऊ द्यावा. सुरुवात नोंदींपासून करावी: बंदर प्राधिकरणाने दिलेले परवाने, जमिनीचे भाडेकरार, उद्योगांच्या सरकारी नोंदवह्या, कंपन्यांचे प्रसिद्ध ताळेबंद. या सर्व याद्या एकमेकींवर ताडून एकच मुख्य यादी बनवावी. एकच कंपनी तीन नावांनी नोंदलेली असणे, किंवा मुख्यालय दुसऱ्या शहरात असल्याने तिचे सर्व कामगार तेथेच दाखवलेले असणे, हे प्रकार नेहमीचे आहेत. मुख्यालयाच्या पत्त्यावर विसंबून राहिले, तर धक्क्यावर प्रत्यक्ष काम करणारी मोठी टर्मिनल कंपनी यादीतून गायब होते आणि जिचे येथे दोनच माणसांचे कार्यालय आहे अशी कंपनी हजार कामगारांसह यादीत शिरते.

यादी झाल्यावर प्रश्नावली. मोठ्या संस्था थोड्याच असतात आणि एकूण रोजगाराचा मोठा वाटा त्यांच्याकडे असतो, म्हणून त्यांच्यापैकी एकही सोडू नये. लहान संस्थांचा मात्र व्यवसायानुसार गट पाडून नमुना घ्यावा. प्रश्न थोडे आणि असे असावेत की त्यांचे उत्तर संस्थेच्या वहीत सापडेल: संदर्भवर्षातील कामगारसंख्या, एकूण वेतन, एकूण उलाढाल, बाहेरून घेतलेल्या वस्तू व सेवांवरचा खर्च, त्यांपैकी परिसरातील पुरवठादारांकडून किती, आणि कामगार कोणत्या भागात राहतात. शेवटचा प्रश्न अनेकजण गाळतात. पण वेतनाचा पैसा जेथे मिळवला तेथे खर्च होत नाही, तो कामगाराच्या घराजवळ खर्च होतो. त्यामुळे त्याशिवाय पुढचा हिशेब आंधळा राहतो.

‘तुमच्या उलाढालीचा किती टक्के भाग बंदरावर अवलंबून आहे?’ हा प्रश्न ट्रकवाल्यांना आणि गोदामांना विचारावाच लागतो, पण त्याच्या उत्तरावर पूर्ण विश्वास टाकू नये. सर्वेक्षण बंदर प्राधिकरणाच्या नावाने येते तेव्हा उत्तर देणारा उदार होतो. शक्य असेल तेथे वाहतुकीच्या फेऱ्यांच्या नोंदी पाहाव्यात: शंभर फेऱ्यांपैकी किती बंदराच्या फाटकातून गेल्या, हे मोजता येते.

कंत्राटी आणि रोजंदारीवरील कामगारांचा प्रश्न वेगळाच आहे. त्यांना टर्मिनल कंपनीने मोजले आणि कंत्राटदारानेही मोजले, तर ते दोनदा येतात; दोघांनीही ते दुसऱ्याचे म्हणून सोडले, तर एकदाही येत नाहीत. प्रवेशपासांची संख्या हा पर्याय मोहक वाटतो, परंतु एकाच ट्रकचालकाकडे दोन टर्मिनलांचे पास असू शकतात आणि काम सोडून गेलेल्या माणसाचा पास वर्षभर जिवंत राहू शकतो. म्हणून माणसे मोजण्याऐवजी कामाचे दिवस मोजावेत आणि त्यांचे पूर्णवेळ रोजगारात रूपांतर करावे. महिन्याला २५ कामाचे दिवस धरले, तर महिन्यातून १० दिवस कामावर येणारे ३० जण म्हणजे १२ पूर्णवेळ रोजगार होतात. अहवालात ३० आणि १२ हे दोन्ही आकडे द्यावेत, कारण त्या ३० घरांसाठी दोन्हींचा अर्थ वेगळा आहे.

बांधकामाचा रोजगार तर वेगळ्या पानावरच ठेवावा. तीन वर्षे चालणाऱ्या कामावर दरवर्षी ३०० माणसे लागली, तर ते ९०० मनुष्य-वर्षांचे काम झाले, ९०० नोकऱ्या नव्हेत. आणि चौथ्या वर्षी त्यांतले काही उरत नाही.

टनांवरून रोजगार काढू नका

माहिती अपुरी पडली की हाताशी असलेल्या टनांच्या आकड्याला काहीतरी गुणोत्तर लावून रोजगार काढण्याची पद्धत आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या बंदर-शहरांविषयीच्या अभ्यासात, हाताळलेल्या एका टनामागे सरासरी सुमारे १०० डॉलर मूल्यवर्धन जोडलेले आढळले. ती अनेक बंदरांची सरासरी आहे, आणि कोणत्याही एका बंदराला ती लावणे म्हणजे सरासरी उंचीच्या मापाने प्रत्येकाचा सदरा शिवणे. नळातून टाकीत जाणारे कच्चे तेल आणि एकेक नग उचलून ठेवावी लागणारी यंत्रसामग्री यांचा एक टन सारखा कसा असेल? हा फरक लक्षात घेण्यासाठी वापरला गेलेला तथाकथित ब्रेमेन नियम असे धरतो की, एक टन सर्वसाधारण मालाच्या हाताळणीतून जितके मूल्यवर्धन होते, तितके होण्यासाठी सुटा कोरडा माल ३ टन आणि द्रव माल १२ टन हाताळावा लागतो. हाही नियम आज कोठेही जसाच्या तसा लावण्याजोगा नाही, परंतु एका टनात आणि दुसऱ्या टनात किती अंतर असू शकते याची कल्पना त्यावरून येते.

त्यातच मालाच्या स्वरूपाबरोबर काळही बदलतो. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज अमेरिकेतील नेवार्कहून ५८ कंटेनर घेऊन ह्यूस्टनकडे निघाले, तेथून कंटेनर वाहतुकीचे युग सुरू झाले असे मानतात, आणि त्यानंतरच्या काही दशकांत टनामागे लागणारी माणसे सर्वत्र झपाट्याने कमी होत गेली. जुन्या गोद्या ओस पडल्या, तर शहरापासून दूर खोल पाण्यातल्या टर्मिनलांवर त्याहून कितीतरी जास्त माल थोड्या माणसांनी हाताळला जाऊ लागला. वीस वर्षांपूर्वीचे गुणोत्तर घेऊन आजचा रोजगार काढणे म्हणूनच धोक्याचे.

ट्रान्सशिपमेंटचा माल, म्हणजे एका जहाजातून उतरवून दुसऱ्यावर चढवला जाणारा, हा आणखी एक सापळा. तो उतरताना एकदा आणि चढताना एकदा मोजला जातो, त्यामुळे उलाढालीचा आकडा फुगतो. प्रत्यक्षात तो फाटकाबाहेर पडतच नाही, त्याच्यामुळे ना ट्रकवाल्याला काम मिळते ना गोदामाला. कंटेनरांच्या संख्येचा विचार करताना ट्रान्सशिपमेंट आणि स्थानिक आयात-निर्यात हे भाग पहिल्यापासून वेगळे करावेत.

पाचवी पायरी: उलाढाल नव्हे, मूल्यवर्धन

समजा, टर्मिनल कंपनीला जहाजमालकाकडून १०० एकक मिळाले आणि त्यांतले ५० तिने माल चढवण्या-उतरवण्यासाठी स्टीव्हडोर कंपनीला दिले. दोघांच्या उलाढालीची बेरीज १५० होते, पण जहाजमालकाने खर्च केले ते १०० च. साखळीत जितके कंत्राटदार वाढतील, तितकी ही बेरीज फुगत जाईल, जरी एकही जादा कंटेनर हलला नसला तरी. म्हणून प्रत्येक संस्थेच्या उलाढालीतून तिने बाहेरून विकत घेतलेल्या वस्तू व सेवा वजा करायच्या. जे उरते ते तिचे मूल्यवर्धन. ५०० एककांच्या उलाढालीतून २८० ची खरेदी वजा केली तर २२० उरतात, आणि त्यांत १२० वेतन, ४० घसारा आणि ६० नफा असा तपशील निघू शकतो.

हा तपशील अहवालात जरूर द्यावा. टर्मिनलची मालकी परक्या कंपनीकडे असेल, तर ते ६० एकक परिसरात झालेले मूल्यवर्धन असले तरी परिसराचे उत्पन्न नसतात. ते भागधारक जेथे असतील तेथे जातात. प्रदेशातील उत्पादन आणि प्रदेशातील लोकांचे उत्पन्न यांतला हा फरक राष्ट्रीय हिशेबात सर्वांना माहीत असतो, पण बंदराच्या अहवालात तो अनेकदा विसरला जातो.

सहावी पायरी: गुणक

थेट परिणाम मोजून झाल्यावर दोन पुढच्या लाटा येतात. बंदराचे व्यवसाय इतरांकडून माल व सेवा घेतात, ते पुरवठादार आणखी इतरांकडून घेतात. हा अप्रत्यक्ष परिणाम. या सर्वांचे कामगार आपला पगार बाजारात खर्च करतात; हा प्रेरित परिणाम. दोन्ही लाटा मोजण्याचे रूढ साधन म्हणजे आदान-प्रदान कोष्टक. प्रत्येक उद्योग दुसऱ्या प्रत्येक उद्योगाकडून किती घेतो हे दाखवणारे हे कोष्टक वासिली लिऑन्टिफ यांनी १९३० च्या दशकात विकसित केले आणि त्याच कार्यासाठी त्यांना १९७३ चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला.

गुणकाचे मर्म समजून घ्यायला पूर्ण कोष्टकाची गरज नाही. परिसरात आलेल्या प्रत्येक १०० एककांपैकी ३० पुन्हा परिसरातच खर्च होत असतील, तर त्या ३० पैकी ९, मग त्यांपैकी २.७, असे करत एकूण परिणाम १०० ला ०.७ ने भागून येतो, म्हणजे सुमारे १४३. येथे टिकणारा भाग ३० ऐवजी ५० धरला तर उत्तर २०० येते. म्हणजे एका गृहीतकात २० टक्के-बिंदूंचा फरक पडला आणि अतिरिक्त परिणाम ४३ वरून १०० वर गेला. स्थानिक खरेदीचा प्रश्न प्रश्नावलीत का हवा, हे यावरून ध्यानात यावे.

राष्ट्रीय कोष्टक बहुतेक देशांत मिळते. प्रादेशिक मात्र सर्वत्र मिळत नाही. अमेरिकेत आर्थिक विश्लेषण विभाग रिम्स-२ नावाने प्रादेशिक गुणक उपलब्ध करून देतो. जेथे अशी सोय नाही, तेथे राष्ट्रीय कोष्टक प्रदेशाच्या मापाने आखडते घ्यावे लागते. त्यासाठी एखाद्या उद्योगाचा प्रदेशातील रोजगारातला वाटा आणि देशातील वाटा यांचे गुणोत्तर काढतात. ते एकापेक्षा कमी असेल, तर त्या उद्योगाचा काही पुरवठा बाहेरून येतो असे मानतात. ही साधी पद्धत प्रादेशिक गुणक फुगवते, कारण एकाच जातीचा माल प्रदेश बाहेर पाठवतो आणि बाहेरून घेतोही, हे तिला दिसत नाही. १९९५ मध्ये फ्लेग आणि सहकाऱ्यांनी सुचवलेली सुधारित पद्धत प्रदेशाचा आकारही विचारात घेते; लहान प्रदेशासाठी तीच वापरावी.

कोष्टकाची काही गृहीतके वाचकाला सांगितली पाहिजेत. किमती बदलत नाहीत, कामगार आणि जमीन हवी तितकी मिळते, आणि उत्पादन दुप्पट झाले की खरेदीही दुप्पट होते, असे ते मानून चालते. बेरोजगारी मोठी असलेल्या प्रदेशात हे फारसे खटकत नाही. पण जेथे सर्वांना आधीच काम आहे तेथे बंदराने घेतलेला वेल्डर हा दुसऱ्या कोणाचा तरी गेलेला वेल्डर असतो. एका लहान जिल्ह्यासाठी कोणी दोनपेक्षा मोठा गुणक दाखवला, तर मी आधी कोष्टक कोणत्या प्रदेशाचे आहे ते पाहतो; बहुतेक वेळा ते संपूर्ण देशाचे निघते.

आणखी एक दक्षता. बंदराजवळच्या कारखान्याला आपण थेट वर्तुळात धरले असेल, तर त्याने बंदरसेवांवर केलेला खर्च अप्रत्यक्ष लाटेत पुन्हा येऊ देऊ नये. तो आधीच टगबोटीच्या आणि टर्मिनलच्या खात्यात मोजला गेलेला आहे.

सातवी पायरी: बंदर नसते तर?

येथवरच्या हिशेबाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. तिसऱ्या प्रश्नासाठी वेगळा विचार लागतो, कारण बंदर नसते तरी माल हवेत विरघळला नसता. तो दुसऱ्या बंदरातून, थोड्या जास्त खर्चाने गेला असता, आणि काही थोडाच माल गेलाच नसता. बंदराचे खरे मोल त्या जास्तीच्या खर्चात आणि त्या थोड्या मालात आहे.

एक उदाहरण घेऊ. जवळच्या बंदरातून कंटेनर पाठवायला ४० एकक लागतात आणि दूरच्या बंदरातून ५२. आज वर्षाला १०,००० कंटेनर जातात. जवळचे बंदर नसते तर ७,००० च गेले असते. त्या ७,००० कंटेनरांवर प्रत्येकी १२ एकक वाचतात, म्हणजे ८४,०००. उरलेल्या ३,००० वर सरासरी निम्मा फायदा धरायचा, कारण त्यांतल्या काहींना १२ च्या जवळपास फायदा होतो आणि काहींना नाममात्र, म्हणजे १८,०००. एकूण १,०२,००० एकक. आता प्रत्येक कंटेनरमधल्या मालाची किंमत १,००० एकक असेल, तर बंदरातून वर्षाला १ कोटी एककांचा माल गेला. माल पाठवणाऱ्यांना बंदराने मिळवून दिलेला लाभ त्या किमतीच्या सुमारे एक टक्का आहे. मालाची संपूर्ण किंमत ‘बंदराचा परिणाम’ म्हणून छापणारे अहवाल निघतात, तेव्हा हे एक टक्क्याचे गणित आठवावे.

२००२ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील २९ बंदरे कामगार-तंट्यामुळे सुमारे दहा दिवस बंद राहिली, तेव्हा दिवसाला एक अब्ज डॉलर नुकसान होत असल्याचा आकडा सर्वत्र फिरला. पुढे २००६ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने लॉस एंजेलिस आणि लाँग बीच ही दोन सर्वांत मोठी कंटेनर बंदरे आठवडाभर अचानक बंद पडली तर काय होईल याचा अंदाज काढला. तो दिवसाला साडेसहा ते पंधरा कोटी डॉलर असा आला. दोन्ही आकड्यांची व्याप्ती सारखी नाही, पण अंतर केवळ व्याप्तीचे नाही. अडकलेला माल उशिरा का होईना पोहोचतो, साठे वापरले जातात, जहाजे वळवली जातात. हे सारे हिशेबात घेतले की नुकसान आक्रसते.

मात्र याची दुसरी बाजूही आहे. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपापूर्वी जपानमधील कोबे हे कंटेनर हाताळणीत जगात सहाव्या क्रमांकाचे बंदर होते. सुमारे दोन वर्षांत धक्के पुन्हा उभे राहिले, तरी दक्षिण कोरियातील बुसानसारख्या बंदरांकडे वळलेला ट्रान्सशिपमेंटचा माल पूर्वीसारखा परतला नाही. ज्याच्यापाशी पर्याय होता तो माल गेला आणि तेथेच रुळला. ज्याचा कारखाना बंदराच्या मागे होता तो माल परत आला. आपल्या बंदराच्या मालाची ‘बांधलेला’ आणि ‘फिरता’ अशी विभागणी करून ठेवली, तर बंदराला आलेला धक्का तात्पुरता ठरेल की कायमचा, याचा अंदाज याच प्रकारे बांधता येतो.

वजाबाकीची बाजू

आर्थिक परिणामाचा अभ्यास म्हणजे लाभ-खर्च विश्लेषण नव्हे, आणि तसे अहवालात स्पष्ट लिहावे. तरीही निव्वळ परिणाम सांगायचा असेल, तर भरावामुळे मासेमारीची जागा गमावलेल्यांचे घटलेले उत्पन्न, ट्रकांच्या रांगांमुळे इतर वाहतुकीचा वाया जाणारा वेळ, जहाजांच्या व ट्रकांच्या धुराचा आरोग्यावरील खर्च आणि गाळ उपसण्यासाठी सार्वजनिक तिजोरीतून होणारा खर्च वजा करावा लागतो. किनाऱ्यावरची जमीन दुसऱ्या कशासाठी वापरता आली असती, हा प्रश्नही त्यातच येतो. सीमाशुल्काचा आकडा परिसराच्या लाभात कधीही धरू नये; तो राष्ट्रीय तिजोरीत जातो आणि माल दुसऱ्या बंदरातून आला असता तरी तेवढाच जमा झाला असता. स्थानिक मालमत्ता कर मात्र धरावा.

आठवी पायरी: आकडे कसे मांडावेत

मुख्य तक्त्यात थेट, अप्रत्यक्ष आणि प्रेरित हे स्तंभ वेगळे असावेत आणि वापरकर्त्या उद्योगांचा आकडा त्या बेरजेबाहेर, स्वतंत्र ओळीत असावा. रोजगार पूर्णवेळ समकक्षात, मूल्यवर्धन एका ठरावीक वर्षाच्या किमतींत, आणि दोन्हींसोबत प्रदेशातील एकूण रोजगाराशी व उत्पादनाशी असलेले प्रमाण द्यावे. ४,००० रोजगार हा आकडा वीस हजार नोकऱ्यांच्या गावात आणि वीस लाखांच्या महानगरात एकच गोष्ट सांगत नाही. स्थानिक खरेदीचे प्रमाण, गुणक आणि ‘बंदरावर अवलंबून’ असलेला वाटा ही तीन गृहीतके थोडी वर-खाली करून पुन्हा हिशेब करावा आणि एका आकड्याऐवजी कमाल-किमान असा पट्टा छापावा. दशांश चिन्हानंतरचे अंक छापू नयेत. ज्या मोजणीत अर्धी उत्तरे अंदाजाने भरलेली असतात तिला ती अचूकता शोभत नाही.

शेवटी, संस्थांची मुख्य यादी, वर्तुळवाटपाचे नियम आणि प्रश्नावली परिशिष्टात जोडावी. मूळ प्रतिसाद गोपनीय ठेवून, संस्थांची नावे काढलेली संगणकीय फाइल जपून ठेवावी, म्हणजे तीन-चार वर्षांनी दुसरा कोणी हीच मोजणी करील तेव्हा त्याला वाढ बंदराची झाली की व्याख्येची, हे तपासून पाहता येईल.